टिनाखालची दुर्बीण

तायडेभाऊ,

तुम्हाला 'भाऊ' म्हणायला मला सहा वर्षं लागली. त्याआधी कॉलेजात सगळे म्हणत तसं मीही नुसतं 'तायडे' म्हणायचे. तुम्ही आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. भौतिकशास्त्राची प्राध्यापक म्हणून अकोल्याला रुजू झाले त्या दिवशी मी तुमच्याशी बोललेलं पहिलं वाक्य होतं, "तायडे, जरा पाणी आणा." तुम्ही आणलंत. ग्लास टेबलावर ठेवून म्हणालात, "माठातलं हाये. फिरिजचं पायजे असन तं सांगा." तुम्ही गेल्यापासून असलंच काहीबाही आठवत राहतं, आणि यातलं काहीच शोकसभेत सांगण्याजोगं नाही.

सुषमाचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी इकडे अमरावतीत, मागच्या अंगणात कूलरमध्ये पाणी सोडत होते. तुमच्या मुलीचा फोन मला कधी येत नाही. "मॅडम, बाबा गेले," ती म्हणाली. "चहा घेतला, खुर्चीवर बसले होते. तिथंच." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. नळी तशीच चालू राहिली आणि अंगणभर पाणी झालं.

दुपारच्या बसनं अकोल्याला निघाले. मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा खिडकीच्या लोखंडी दांडीला हात लावता येत नव्हता. तुम्हाला संध्याकाळी सहाला नेलं, ऊन उतरल्यावर. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. तुमचे थोरले भाऊ, यशवंतराव, काठी टेकत माझ्यापर्यंत आले आणि हात जोडून म्हणाले, "शालिक तुमचं नाव घ्ये. लय मानत होता तुमाले." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, मॅडमना रडू आवरत नाही. रडू होतंच. पण मान त्यासाठी खाली गेली नव्हती, हे तुम्हाला ठाऊक आहे.

भाऊ, आपलं कॉलेज सोडून बाकी कुणाला ती दुर्बीण महत्त्वाची वाटायची नाही. कुण्या दात्यानं फार पूर्वी दिलेली, माणसापेक्षा लांब पितळी नळीची, पुढे तळहाताएवढं भिंग असलेली. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर टिनाची खोली, तिचं छप्पर रुळांवरून मागं सरकायचं. हिवाळ्यात तिथं बसून बघायला सुख वाटे. पण अकोल्याचा उन्हाळा आणि वर टिन. एप्रिलमध्ये त्या खोलीत पापड भाजता आला असता.

तुमचा नेम ठरलेला होता. होळी झाली की दोन दिवसांत दुर्बीण खाली उतरायची. तुम्ही सकाळी सातला चार माणसं गोळा करायचात, पितळ तापायच्या आत. पुढचं भिंग आधी निघायचं, ते टिनाच्या डब्यात, मऊ कापडात. मग आयपीस, म्हणजे डोळा लावायची ती छोटी भिंगं, वेगवेगळ्या डब्यांत. मग नळी. सगळं तळमजल्याच्या उत्तरेकडच्या स्टोअररूममध्ये जायचं, जिथल्या दगडी भिंती दोन हात जाड होत्या. डब्यांमध्ये ओल शोषणाऱ्या निळ्या खड्यांच्या पुड्या. ते खडे गुलाबी झाले की ओल धरली असं समजायचं, आणि तुम्ही ते घरी नेऊन जुन्या तव्यावर भाजून परत निळे करून आणायचात. तो तवा तुमच्या कमलताईंनी स्वयंपाकातून बाद केला होता आणि तरी त्या दर वर्षी तुमच्यावर चिडायच्या.

पहिल्या वर्षी मी हे सगळं पाहून हसले होते. तुम्हाला म्हटलं होतं, "तायडे, काच शेकडो अंशांना वितळते. सत्तेचाळीसला तिला काय होणार?"

तुम्ही स्क्रू काढता काढता म्हणालात, "काचेले काही होत नाही, मॅडम. काचेच्या शेजाऱ्यायले होते."

"कोण शेजारी?"

"हा डिंक, ज्यानं आयपीसमधल्या काचा चिकटवल्या. हे ग्रीस. हे रबर. ग्रीस पातळ झालं की वाहते, वाहून काचेवर येते. मंग काच कोन धुवन?"

माझ्या पदव्युत्तर पुस्तकात शेजाऱ्यांचा उल्लेख नव्हता. मी विषय बदलला.

दुसरी एक आठवण. मी आल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, दिवेलागणीनंतर आपण मुलांना शनी दाखवत होतो. मुलं गेल्यावर मी मोठ्या मनाचा आव आणून म्हटलं, "तायडे, तुम्हीपण बघा एकदा. कधी पाहिलाय का शनी?" तुम्ही म्हणालात, "रोज पायतो, मॅडम. म्या जमवल्याशिवाय तुमाले कसा दिसन?" तेव्हा कळलं, की त्या कॉलेजात शनीची कडी दर वेळी सगळ्यांत आधी तुम्ही पाहता, मग मी, मग मुलं. मला लाज वाटली आणि तुम्हाला त्याची मजा वाटली.

परतवाड्याच्या शाळेत विभागाची छोटी दुर्बीण न्यायची होती ते आठवतं? मार्च महिना, भाड्याची जीप. वाटेत जेवायला थांबलो तर तुम्ही छोटी दुर्बीण बगलेत मारून हॉटेलात आलात. मी म्हटलं, "राहू द्या की जीपमध्ये, काचा बंद आहेत." तुम्ही म्हणालात, "म्हनूनच." बंद जीप उन्हात कशी भट्टी होते ते तुम्ही सांगितलं नाही, माझं मलाच समजायला लावलं. दुर्बीण तिसऱ्या खुर्चीवर ठेवली. वाढपी आला आणि त्यानं खुर्चीसमोरही ताट मांडलं. तुम्ही त्याला म्हणालात, "त्यायचा उपास हाये." मी इतकी हसले की ठसका लागला. त्या दिवशी पहिल्यांदा आपण एका टेबलावर जेवलो.

आता जे सांगायचं आहे ते सांगते. इतकी वर्षं टाळलं.

माझं चौथं वर्ष होतं. अजून मला कायम केलेलं नव्हतं, मान्यतेची फाइल विद्यापीठात अडकली होती. त्या उन्हाळ्यात परीक्षा विभागानं उत्तरपत्रिका ठेवायला आपली स्टोअररूम मागितली. विभागाची जबाबदारी त्या वर्षी माझ्याकडे. मी म्हटलं, सोपं आहे, दुर्बीण आणि सगळे डबे मोठ्या हॉलमध्ये ठेवू. तिथं पेपर तपासायला प्राध्यापक बसणार, तिथं मोठा कूलर दिवसभर चालणार. स्टोअररूमपेक्षाही थंड.

तुम्ही दारात उभे राहिलात. "मॅडम, कूलर पान्याचा हाये."

"मग? थंड राहील."

"थंड राहीन, पन वलं राहीन. या सामानाले ऊन एकवेळ चालते, वल नाही चालत. खाली जिन्याच्या मागं जागा हाये. पत्र्याचं कपाट लावून देतो."

माझ्यासोबत दोन नवे सहकारी उभे होते. त्यांच्यासमोर मला तुमच्याकडून शिकायचं नव्हतं. मी म्हटलं, "तायडे, फिजिक्स मी शिकवते."

तुम्ही डबे उचलले आणि हॉलमध्ये, कूलरच्या समोरच्या कपाटात, मी दाखवलं तिथं ठेवलेत. मी सुट्टीला अमरावतीला निघून आले. तुम्हालाही त्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी दुसऱ्या केंद्रावर पाठवलं होतं, म्हणून डबे उघडून बघायला कुणी नव्हतं. दोन महिने तो कूलर त्या कपाटावर दमट वारा मारत राहिला.

जूनमध्ये उघडलं. खडे गुलाबी सोडा, पांढरट पडले होते. मोठ्या भिंगावर कोळ्यानं जाळं विणावं तशी बुरशी. बारीक धागे, काठापासून मध्यापर्यंत. आयपीस दोन गेले. मी भिंग हातात धरून उभी होते आणि तुम्ही माझ्या हातातून ते हळूच काढून घेतलंत.

त्याच आठवड्यात कॉलेजची तपासणी व्हायची होती. प्राचार्यांनी आपल्या दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी खुर्चीवर, तुम्ही उभे. ते सरही आता राहिले नाहीत, त्यांना दोष देत नाही. त्यांनी विचारलं, "हे सामान कूलरसमोर कोणी ठेवलं?"

तुम्ही म्हणालात, "म्या ठेवलं, सर."

खोटं नव्हतं ते. ठेवलं तुम्हीच होतं. त्यांनी पुढं विचारायला हवं होतं, कुणाच्या सांगण्यावरून. ते विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. टेबलावर काचेखाली एक जुनं कॅलेंडर होतं, मी त्याच्या तारखा वाचत बसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. बघितलं असतं तर कदाचित मी बोलले असते, असं मी पुढची कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते खरं नाही. मी भ्यायले होते. माझी फाइल अडकलेली होती, आणि मला ठाऊक होतं की तुमची नोकरी कायम आहे, एक मेमो मिळेल आणि संपेल. इतका हिशोब त्या दोन मिनिटांत मी केला.

मेमो मिळाला. 'निष्काळजीपणामुळे संस्थेच्या मौल्यवान उपकरणाचे नुकसान.' सही करताना तुम्ही शिपायाकडून पेन मागून घेतलंत.

त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी तुम्ही ते भिंग साफ करत होतात. भिंगातल्या दोन काचा वेगळ्या करताना कडेला पेन्सिलीची खूण केलीत, म्हणजे बसवताना फिरायला नको. डिस्टिल्ड वॉटर, थोडं स्पिरिट आणि कापूस. मी विचारलं, "कापूस विकत कशाला आणता? सगळा जिल्हा कापसाचा." तुम्ही म्हणालात, "आपल्या कापसात कचरा असते. ह्याले मेडिकलचाच लागते." ते तुम्ही साध्या आवाजात सांगितलंत, जसं काही झालंच नव्हतं. मी शेजारी स्टूल घेऊन बसायचे, कापसाचे बोळे करून द्यायचे. रोज वाटायचं आज बोलावं. रोज काचेबद्दल बोलून घरी जायचे.

भिंग जवळजवळ पूर्ण साफ झालं. काठाजवळ नखाएवढा एक डाग मात्र राहिला, बुरशीनं काचच खाल्ली होती. तुम्ही उजेडात धरून दाखवलंत. "पाहाले फरक नाही पडत," म्हणालात. शनीला, चंद्राला पडला नाही. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं मी भिंग हातात घेतलं की आधी त्या डागाकडे बघत असे.

तुम्हाला 'भाऊ' म्हणायला लागले ते त्याच्यानंतरच. माझ्या जिभेला तेवढंच जमलं.

तुमच्या निरोप समारंभात भाषण मी केलं. 'तायडेभाऊंचं मोलाचं सहकार्य.' आदल्या रात्री कागदावर खरं लिहून नेलं होतं, ते पर्समध्येच राहिलं. कार्यक्रम संपल्यावर चहाच्या टेबलापाशी तुम्हाला गाठून म्हटलं, "भाऊ, त्या मेमोचं मला संस्थेला लिहून द्यायचंय. ती चूक माझी होती."

तुम्ही कप खाली ठेवलात. तुमचा आवाज मी पहिल्यांदाच तसा ऐकला, चढलेला नव्हे, कोरडा.

"आता कावून?"

"मला झोप लागत नाही कधी कधी."

"तवा लिवलं असतं तं म्या पेढे वाटले असते, मॅडम. आज मी रिटायर होऊन राहिलो. आता लिवसान तं तुमचं मन हलकं होईन. माह्या कागदावरचं काय हलकं होते?"

मी म्हटलं, "निदान नोंद तरी बदलेल."

"लिवू नका," तुम्ही म्हणालात. मग माझ्या तोंडाकडे पाहून थोडे नरमलात. "चा प्या. गार होऊन राहिला."

तो वाद तिथंच राहिला. मला तुमचं म्हणणं पटलं नव्हतं, आणि तुम्हाला माझं. तुम्ही मला माफ केलं असतं तर मी मोकळी होऊन घरी गेले असते. तुम्ही केलं नाहीत. आज वाटतं, ते बरोबर केलंत. स्वस्तात सुटले असते मी.

आणि तरीसुद्धा पुढच्या होळीनंतर तुमचा फोन आला. "होळी झाली. उतरवली का?" मग दर वर्षी. जय भीम, तब्येत कशी, आणि लगेच दुर्बीण. मी निवृत्त होऊन अमरावतीला आले तरी फोन आला. यंदाही आला. घरी पाहुणे होते. मी म्हटलं, "भाऊ, आता आपण दोघंही रिटायर. तिथली नवी मंडळी बघतील. तुम्हीपण सोडा आता." तुम्ही म्हणालात, "लोकं हुशार हायेत नवे. पन त्यायले सांगा लागते." मी म्हटलं, बघते, फोन करते. केला नाही. तुमचं माझं ते शेवटचं बोलणं.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी मी पुन्हा तुमच्या घरी गेले. कमलताई आतल्या खोलीत खाली बसल्या होत्या. सुषमानं पाणी दिलं. मी चटईवर त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. स्टोअररूम, कूलर, केबिन, कॅलेंडर.

कमलताई म्हणाल्या, "माहीत हाये मले. त्यायनं त्याच दिवशी सांगलं होतं."

मी हातातला ग्लास खाली ठेवला.

"मी म्हनलं होतं, मॅडमच्या घरी जाऊन इचारतो. त्यायनं जाऊ देलं नाही. म्हने, बाई नवी हाये, कच्ची नोकरी हाये, बोलली असती तं तिची गेली असती. त्याच साली ते बढतीवर परिचराचे लॅब सहायक होनार होते. यादीत नाव होतं. मेमोनं कटलं. मंग पुन्हा आलंच नाही नाव. शेवटपर्यंत परिचरच रायले."

भाऊ, हे मला माहीत नव्हतं. किंवा माहीत करून घेतलं नव्हतं. यादी नोटीस बोर्डावर लागते, ती मी वाचली असणारच.

"मले राग होता तुमचा," कमलताई म्हणाल्या. "अजून बी हाये थोडा. खोटं कावून बोलू?"

"ताई, मी काय करू?"

"मले सांगून काय होते? जिथं लिवलं हाये तिथं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेले. आताचे प्राचार्य माझेच एके काळचे विद्यार्थी. मी रात्री हातानं लिहिलेला अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "मॅडम, माणूसच राहिला नाही. आता फाइल उघडून काय साधणार? तुमच्या नावाला उगाच..."

"माझ्या नावाचं बघू नका. आवक करून घ्या. शिक्का हवा मला, आणि तो त्यांच्या सेवापुस्तकाला जोडायचा आहे."

त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग कडेला लिहिलं, 'संस्थेपुढे ठेवावे, सेवापुस्तकास जोडावे', आणि बेल वाजवली. तुम्ही नको म्हटलं होतं, ते मी केलं. भाऊ, या वेळी मन हलकं करायला नाही केलं. झालंही नाही.

बाहेर पडताना विचारलं, दुर्बीण कुठं आहे. कळलं, वरच. मे महिना, टिनाखाली. तुमच्या जागेवर आता खंडारे आहेत, चाळिशीतले, शांत गृहस्थ. त्यांनी किल्ली घेतली आणि आम्ही वर चढलो. दार उघडल्यावर तोंडावर वाफ आली. ग्रीस वितळून नळीवरून ओघळलं होतं, खाली फरशीवर त्याचा काळा ठिपका. रबराची कडी बोटाला चिकटली. मी घाईघाईनं पुढचं झाकण काढलं. भिंग जागेवर नव्हतं.

"खंडारे, भिंग कुठंय?"

"खाली हाये नं," ते म्हणाले. "तायडेकाका घेऊन गेले होते. होळीच्या तीन-चार दिवसानं आले होते."

"एकटे?"

"एकटेच. म्हने, नळीले चार मानसं लागतात, ते मले आता जमत नाही, भिंग तं नेतो. जिन्यात दोनदा बसले. म्या म्हनलं, काका, मी काढून देतो, तुमी खाली बसा. तं म्हने, नाही, तू संगं चाल आन् पाह्य कसं काढतो ते."

मी तुम्हाला फोनवर 'सोडा आता' म्हटलं त्याच्यानंतरचे ते तीन-चार दिवस. एकाहत्तराव्या वर्षी, छातीचं दुखणं अंगावर काढत, तीन मजले. तुम्ही मला पुन्हा फोन करून सांगितलंही नाहीत, की मॅडम, तुमचे नवे लोक बघत नाहीत, मी जाऊन आलो. खंडाऱ्यांनी खालच्या स्टोअररूममधलं कपाट उघडलं. डबा होता. भिंग होतं, मऊ कापडात, काठाच्या त्या नखाएवढ्या डागासकट. मी तिथं फरशीवर बसले. खंडारे पंखा लावून बाहेर जाऊन उभे राहिले. चांगला माणूस आहे.

मी अकोल्यात मावसबहिणीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही नळी उतरवली. खंडारे, दोन शिक्षक, एक माळी. मी नुसती जिन्यात उभी राहून सांगत होते, तोंड खालच्या बाजूला नको, वळणावर थांबा, पितळेला हात नको, पट्ट्याला धरा. तिसऱ्या वळणावर लक्षात आलं, की हे सगळं मी तुमच्या चालीत बोलून राहिले आहे. नळी खाली टेकल्यावर खंडाऱ्यांना म्हटलं, "दर वर्षी होळी झाली की लगेच." ते म्हणाले, "काकानं सांगलं हाये."

काल तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. मी अर्जाची शिक्का मारलेली प्रत घेऊन गेले. वंदना झाली, भंतेजी बोलले, शेजारचे दोघं-तिघं बोलले. मी ती प्रत कमलताईंच्या हातात दिली, वाटलं त्या कपाटात ठेवतील. त्यांनी ती सुषमाला दिली आणि म्हणाल्या, "वाच. समद्यायले आयकू दे."

सुषमा मांडवात उभी राहिली. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, दीडशेक माणसं असतील, तुमच्या गावची, कॉलेजातली, खंडारेही. तिनं मोठ्यानं वाचलं. 'मी, वैशाली ढोले, निवृत्त प्राध्यापक, लिहून देते की.' तुमची मुलगी माझं नाव घेत होती आणि मला तिचा आवाज अगदी तुमच्यासारखा वाटला, सपाट, कुठंही न थांबणारा. 'उपकरणे कूलरसमोर ठेवण्याचा निर्णय माझा होता. श्री. शालिकराम तायडे यांनी त्यास स्पष्ट विरोध केला होता. ही बाब मी त्या वेळी प्राचार्यांसमोर लपवली.' मांडवातले पंखे फिरत होते. बऱ्याच जणांना मेमोचं ठाऊकच नसेल. पण यशवंतरावांना होतं. ते पुढच्या खुर्चीवर काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. वाचन संपलं तेव्हा त्यांनी मान वळवून बायकांच्या बाजूला मला शोधलं.

"म्हंजे," ते म्हणाले, "आमच्या शालिकची चूक नव्हती?"

मी उठून उभी राहिले.

"नव्हती," मी म्हटलं.